डाव्या डोळ्यातला डाग

१२ जानेवारी

धाकट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखलंस तर न फोडताच फाडशील, म्हणून पत्ता कारखान्यातल्या टायपिस्टकडून टाइप करून घेतलाय. आता फसून फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. भांडायला लिहीत नाहीये. अकरा महिन्यांत तू लिहिलं नाहीस, मीही नाही, आणि त्यामुळे माझं काही अडलं नाही असं मी सगळ्यांना सांगत आलेय. ते तसंच राहू दे.

काम एकच आहे. मुंगीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. डोळ्यांच्याच, कॅम्पवर गोळ्या वाटणाऱ्या कंपाउंडरकडे नव्हे. पुढच्या महिन्यात तिला तीन पूर्ण होतील. आपल्या फोटो मंडळातले चष्मेवाले म्हणत होते, की मुलांचे डोळे तीनच्या आत एकदा मोठ्या दवाखान्यात दाखवून घ्यावेत, औषध घालून आतून तपासावेत. सगळ्याच मुलांचे. सहज विषय निघाला म्हणून तिची आठवण झाली.

याच आठवड्यात ने. पुढच्या म्हणशील तर लांबणीवर पडेल, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. कामाचं निमित्त सांगू नकोस. रस्ता दोन दिवस मोजला नाहीस म्हणून तो पळून जाणार नाही.

इथलं सगळं ठीक. मी अजून त्याच खुर्चीवर आहे. पांढऱ्या दिव्यासमोरून बाटल्या सरकतात, आणि बुडबुडा, तडा, वाकडी मान दिसली की मी उचलून डब्यात टाकते. साहेब म्हणतात तुमच्या नजरेतून काही सुटत नाही. एकोणीस वर्षं म्हणतायत.

तुझ्या बायकोला सांग, तिने विणलेला स्वेटर मी वापरते.

ताई

ता.क. उत्तर लिहायचं नसेल तर कोरं कार्ड टाक. त्यावरून मी समजेन की नेलंस.


२२ जानेवारी

धाकट्या,

कोरं कार्डही आलं नाही.

तुझ्या हेड ऑफिसात मी तीनदा फोन केला. तिथला क्लार्क फार गोड बोलतो आणि काहीच सांगत नाही. सर्व्हेवाल्यांचा पत्ता रस्त्याबरोबर पुढे सरकतो, बाई, म्हणाला. साइटवर फोन नाही, टपाल मंगळवारी आणि शुक्रवारी जीपमधून जातं, जीपमध्ये बाहेरच्या माणसाला बसवत नाहीत. तिसऱ्या वेळी मी रडले, तेव्हा कुठे त्याने कॅम्प चारचं स्टेशन सांगितलं. खोटं कशाला बोलू, रडायचं सोंग म्हणूनच सुरू केलं होतं. नंतर ते आवरेना.

रविवारी मी कॅम्प चारला जाऊन आले. स्टेशनापासून खडीच्या ट्रकमधून, पुढे पायी. तिथे तंबू नव्हते. खुंट्यांची भोकं होती, चुन्याच्या रेघा होत्या, आणि पाण्याच्या टाकीखालचा चिखल अजून ओला होता. म्हणजे दोन दिवसांनी चुकामूक झाली. शेळ्या चारणारी एक बाई भेटली. तिला तुम्ही सगळे चांगले आठवत होता. म्हणाली, साहेबांची पोरगी मोठी गोड, पण सारखी तंबूच्या दोऱ्यांत अडकून पडायची, आम्हाला हसू यायचं. कोणत्या बाजूच्या दोऱ्यांत, असं मी विचारलं. 

तेव्हा आता खरं सांगते. विषय सहज निघाला नव्हता. दहा तारखेच्या शनिवारी चष्मेवाल्यांनी मुंगीचा फोटो बघितला. तोच, कपडे धुवायच्या टबात बसून साबणाचा फेस उडवते आहे तो. प्रदर्शनात लागलेला नव्हे. मी हात लावण्याआधीचा पहिला प्रिंट. तो त्यांच्या समोर कसा आला ते आत्ता महत्त्वाचं नाही. त्यांनी चष्मा काढला, प्रिंटला नाक लागेल इतके जवळ गेले, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग मला म्हणाले, "हे मूल आत्ता कुठे आहे?"

मी म्हटलं, भाची आहे माझी, का?

"हा फ्लॅशचा डाग नाही. हा डोळ्याच्या आतून येतोय."

त्यांनी मला बाजूला नेऊन सांगितलं, की डोळ्याच्या आत मागच्या पडद्यावर कधी कधी लहान मुलांना गाठ होते. दुखत नाही, खुपत नाही, मूल हसत खेळत असतं. फ्लॅश पडला की एरवी काळी दिसणारी बाहुली पांढरी चमकते, बस. प्रत्येक पांढरा डाग म्हणजे गाठच असं नाही, हेही ते म्हणाले. पण असेल तर ती डोळ्यात थांबत नाही. तिथून पुढे जाते. पुढे कुठे, हे त्यांनी सांगितलं आणि मी तुला लिहिणार नाही.

आता गेल्या जानेवारीतला तो शनिवार. तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण माझी बाजू तू कधी ऐकून घेतली नाहीस. मंडळ भरतं ती ड्रायव्हिंग स्कूलची खोली, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते, मधे दोरी, दोरीला चिमट्यांनी लावलेले प्रिंट. मास्तरांनी मंडळ काढल्यापासूनचा नियम आहे, की प्रिंटवर नाव घालायचं नाही, ज्याचा फोटो त्याने अवाक्षर काढायचं नाही, आणि अभिप्रायाच्या पहिल्या फेरीत प्रत्येकाने फक्त काय दिसतं ते सांगायचं. बरं-वाईट सगळं दुसऱ्या फेरीत. ती पहिली फेरी मला कायम बालवाडी वाटत आली. टब दिसतो, मूल दिसतं, फेस दिसतो. यात कसली अक्कल? म्हणून माझी पाळी आली की मी एकदम दुसऱ्या फेरीचं बोलून मोकळी व्हायचे, आणि माझ्या जिभेला घाबरून कोणी अडवायचं नाही.

नाव नसलं तरी फोटो तुझा हे मला पहिल्या नजरेत कळलं होतं. कळल्यावर मी जास्तच कडक बोलले, भावाची बाजू घेते असं कोणी म्हणू नये म्हणून. फोटो चांगला पण काढणारा आळशी, असं म्हणाले. डाव्या डोळ्यात फ्लॅश परतून आलाय, आणि एवढा मोठा पांढरा डाग ज्याला दिसला नाही त्याने कॅमेरा कपाटात ठेवावा. सगळे हसले. तू नियम पाळून जमिनीकडे बघत बसलास.

चष्मेवाले त्या शनिवारी गावाला गेले होते. ते असते तर, असं मी या बारा दिवसांत किती वेळा म्हटलं असेल. पण ते नसतानाही डाग सगळ्यांत आधी मलाच दिसला होता, हे तू विसरू नकोस. मला दिसलं होतं. एवढंच की मी त्याला भलतंच नाव दिलं.

हे माझ्याकडून कबूल करून घेतल्याचा आनंद तुला नंतर सावकाश होऊ दे. आधी तिला ने.

ताई


३ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र काल कारखान्याच्या गेटवर मिळालं. पाच ओळी. पाठ झाल्यात, तरी तुझ्यासमोर ठेवते, म्हणजे मी त्यात काही बदललं असं म्हणायला नको:

"ताई, दोन्ही पत्रं एकदम मिळाली. आधी माझ्या फोटोत खोट काढलीस. मग मला न विचारता फोटोला हात लावलास. आता माझ्या मुलीत खोट काढतेस. मुंगीचे डोळे उत्तम आहेत, ती लांबूनच जीप ओळखते. तू तुझ्या बाटल्या बघ."

राग आला नाही. येईल असं वाटलं होतं, मी तर बाकावर बसून त्याची वाटसुद्धा बघितली. मी तुझ्या प्रत्येक गोष्टीवर इतकी वर्षं बोट ठेवत आलेय, तुझ्या अक्षरावर, केस कापण्यावर, तू निवडलेल्या नोकरीवर, की आता खरं बोट ठेवायची वेळ आली तर तुला ते नेहमीचंच वाटतंय. यात तुझी चूक नाही. मी तुझ्या जागी असते तर मीही हेच लिहिलं असतं, फक्त जरा जास्त.

म्हणून मागच्या पत्रात ज्या दोन गोष्टी लपवल्या त्या आज सांगते. त्या वाचून तू माझं तोंड बघणार नाहीस. चालेल. पण ज्या बाईला स्वतःची मान खाली घालायला मरणाचं जड जातं, ती हे का सांगते आहे, याचा एकदा विचार कर.

पहिली. तो जुना प्रिंट चष्मेवाल्यांच्या हाती योगायोगाने लागला नव्हता. मंडळात सहा नवीन लोक आलेत. त्यांना डाग कसे भरायचे ते शिकवायला मी तुझे दोन्ही प्रिंट दोरीला शेजारी शेजारी लावले होते. एक डागाचा, एक मी दुरुस्त केलेला. छडी घेऊन उभी होते. अभिप्राय कसा द्यावा आणि कसा घ्यावा, याचा नमुना म्हणून सांगत होते, की काढणाऱ्याने आधी ऐकलं नाही, पण पदक शेवटी दुरुस्त प्रिंटलाच मिळालं. माझी मान ताठ होती. त्याच वेळी चष्मेवाले चष्मा काढून पुढे आले.

दुसरी गोष्ट मी त्यांनाही सांगितलेली नाही. त्या शनिवारनंतरच्या सोमवारी तू माझ्या घरी प्रिंट काढायला आला होतास. मोरीत लाल दिवा, दाराच्या फटीला सतरंजी. तू ट्रे हलवत होतास. मला पाठमोराच म्हणालास, "ताई, तो फ्लॅशचा डाग नसावा. मागच्या महिन्याच्या रोलमध्ये पण आहे. खोली वेगळी होती, तरी त्याच डोळ्यात."

आणि मी म्हणाले, "म्हणजे दर वेळी तीच चूक करतोस."

मी ट्रेमधला प्रिंट उचलून वाळत घातला. मग तू साइटवर गेलास आणि मी तीन केसांचा ब्रश घेऊन बसले. शाईचा ठिपका, टिपकागद, परत ठिपका. पूर्ण दुपार लागली. इतकं सफाईदार काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. मुंगीची बाहुली काळीभोर झाली. प्रदर्शनाच्या दिवशी तू भिंतीसमोर उभा राहून म्हणालास, हिचा डोळा कुठे गेला? लोक हसले. मी सुद्धा. मग तू पदक न घेताच गेलास, दुसऱ्या आठवड्यात साइटवर कायमची बदली मागून घेतलीस, बायको-पोरीला घेऊन गेलास, आणि मी सगळीकडे सांगत सुटले की भावाला टीका सोसत नाही.

तू विचारलं होतंस, धाकट्या. तुला संशय आला होता. बापाच्या नजरेला आला होता, आणि मी तो तुझ्या तोंडातच दाबला. ही माझी चूक आहे, मंडळाची नाही, फ्लॅशची नाही, तुझी तर नाहीच.

सोबत पहिला प्रिंट पाठवते आहे, हात न लावलेला. तुझ्याकडचे जुने रोल काढ आणि दिव्यासमोर धरून बघ. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, रोलवर ठेव.

शुक्रवारची जीप हे घेऊन येईल. मी क्लार्ककडून कॅम्प पाचचा रस्ता लिहून घेतलाय. पुढच्या गुरुवारपर्यंत काही कळलं नाही तर मी तिथे येऊन तुझ्या तंबूसमोर बसेन. हाकललंस तरी हलणार नाही.

ताई


३ फेब्रुवारी, मुंगीच्या फ्रॉकच्या घडीत ठेवलेली चिठ्ठी

भावजयबाई,

हे पार्सल तूच उघडशील म्हणून चिठ्ठी यात. तुझा नवरा माझं पत्र फाडेल, निदान अर्ध्यावर फेकून देईल. त्याला काही सांगायच्या आधी एवढं कर.

मुंगीला मांडीवर घे. समोर तिला आवडतं काहीतरी ठेव, बटणं, चमचे, जे असेल ते. ती खेळात रमली की हळूच तिचा डावा डोळा तळहाताने झाक. तिचा डावा, समोरून बघताना तुझ्या उजव्या हाताला येणारा, नीट समजून घे. ती काय करते बघ. मग तसाच उजवा झाक, आणि काय करते बघ.

दोन्ही वेळा ती सारखीच वागली तर मी वेडी आहे असं समज आणि फ्रॉक तेवढा ठेवून घे. सारखी वागली नाही तर कोणाचं ऐकू नकोस. मला शिव्या नंतर घाल, पण आधी गाडी पकड.

तुझ्या लग्नात मी तुझ्या शिवणकामात खोट काढली होती. आज तुझ्याकडेच मागणं मागते आहे.

ताई


१२ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझ्या बायकोचा फोन आला. गेटवरच्या पहारेकऱ्याने हाक मारली तेव्हा मी पट्ट्यावरून हात काढला आणि बाटल्या तशाच पुढे गेल्या. फोनपर्यंतचं अंगण चाळीस पावलांचं असेल. ते कसं ओलांडलं मला आठवत नाही.

तिने सगळं सांगितलं. तू पत्र चार ओळी वाचून फाडलंस. प्रिंट मात्र फाडवला नाही तुला. तो तू पेटीत टाकलास. पार्सल तिने उघडलं. चमचे मांडले. डावा डोळा झाकला तर मुंगी गाणं म्हणत चमचे लावत राहिली, काही झालंच नाही असं. उजवा झाकल्यावर ती थांबली. हात ओढायला लागली. मग किंचाळली. तू तंबूच्या दारात उभा राहून बघत होतास. आत आलास, मुंगीला घेतलंस, आणि स्वतःच्या हाताने परत तेच केलंस. तीन वेळा.

मग तू साहेबाला न विचारता जीप काढलीस.

गाठ आहे. डावा डोळा सोमवारी काढणार. उजवा स्वच्छ आहे. बाहेर कुठे पसरलेली दिसत नाही, पण डोळा काढून तपासल्याशिवाय डॉक्टर शब्द देत नाहीत. तिने हे सगळं एका दमात सांगितलं, कारण रांगेत मागे माणसं होती. शेवटी म्हणाली, "ताई, तुम्ही येऊ नका. हे म्हणतात, आत्ता ताईला समोर बघितलं तर माझ्या हातून काहीतरी होईल."

येत नाही. वचन देते. तू सांगितलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकते आहे.

एकच विचारायचं आहे, आणि उत्तर मला हवं आहे, भीड ठेवू नकोस. तू डॉक्टरांना विचारलंस का, की एक वर्ष आधी आणलं असतं तर? विचारलं नसशील तर विचार. मला वाचवायला म्हणून गप्प राहू नकोस.

सोमवारी मी रजा घेतली आहे. घरीच असेन. कोणत्या वाजता नेतात तेवढं कळलं असतं तर बरं झालं असतं.

ताई


३ मार्च

धाकट्या,

तुझ्या बायकोचं पत्र पोचलं. गाठ डोळ्याच्या आतच होती, मागच्या शिरेपर्यंत गेली नव्हती. हे वाक्य मी उभ्याने वाचलं आणि मग खाली बसले, स्वयंपाकघरातल्या फरशीवरच. मुंगी राहणार. बाकी काहीही होवो, पोरगी राहणार आहे.

माझ्या प्रश्नाचं उत्तरही तिने लिहिलंय. वर्षभर आधी आली असती तर डोळा वाचवायचा प्रयत्न करता आला असता, असं डॉक्टर म्हणाले. वाचला असताच असं नाही, पण प्रयत्न करता आला असता. "प्रयत्न" या शब्दाखाली तिने रेघ मारली आहे. ती मला धीर द्यायला की शिक्षा म्हणून, ते मला ठरवता येत नाही. दोन्हींसाठी मी आभारी आहे.

मंडळात मी सगळं सांगितलं. लाल दिव्याखाली तू जे बोललास आणि मी जे बोलले तेसुद्धा. पदक मास्तरांच्या टेबलावर ठेवून आले. मास्तर म्हणाले, तुमचा काय दोष, तुम्ही काय डॉक्टर आहात? शिंपीणबाई म्हणाल्या, बरं झालं तुम्ही निदान आता तरी ओळखलंत. सगळे इतकं समजुतीने बोलले की मला तिथे एक मिनिटही बसवेना. चष्मेवाले तेवढे काही म्हणाले नाहीत. माझी छत्री आणून दिली आणि जिन्यापर्यंत सोबत आले.

त्यानंतर दोन शनिवार झाले, पहिल्याला मी गेलेच नाही. गेल्या शनिवारी गेले होते. माझी पाळी आली तेव्हा दोरीवर एका नव्या मुलीचा फोटो होता, बसस्टॉपवर झोपलेला म्हातारा. माझ्या तोंडून शब्द फुटेना. मुलगी घाबरून माझ्याकडे बघत होती, तिला वाटलं फोटो फारच वाईट असणार. शेवटी मी छान आहे म्हणाले. छान नव्हता. तिला ते कळलं, आणि तिचं तोंड उतरलं.

कारखान्यातही तेच. चांगल्या बाटल्या डब्यात टाकते आणि तडकलेल्या जाऊ देते. साहेबांनी मला पॅकिंगला बसवलंय. तिथे नुसतं मोजायचं असतं. एकोणीस वर्षांत मी कामावर कधी रडले नव्हते. आता पुठ्ठ्याच्या खोक्यात डोकं घातलं की कोणाला दिसत नाही, एवढी एक सोय आहे.

हे तुला दया यावी म्हणून लिहीत नाही. तुला बातम्या आवडतात म्हणून लिहिते. लहानपणी शाळेतून आल्यावर तू दप्तर टाकायच्या आधी दिवसभराचं सगळं विचारायचास.

मुंगी पट्टी काढायचा हट्ट करते का? तिला सांगितलंत का काही?

ताई


२० एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र आज दुपारी आलं. अक्षर तुझंच आहे हे बघून पाकीट तासभर टेबलावर ठेवलं. फोडायचा धीर होईना. आता समोर उघडं आहे, आणि मी त्यातलं तुझं बोलणं परत लिहून काढते आहे, कारण लिहिल्याशिवाय माझा विश्वास बसणार नाही:

"ताई, मुंगी बरी आहे. वजन वाढलंय. शुक्रवारी तिला कृत्रिम डोळा बसवणार आहेत. परवा एकदा लावून बघितला. बायको म्हणते हुबेहूब आहे. डॉक्टर म्हणतात कोणाला कळणारही नाही. बनवणारा तर म्हणतोच. मला काहीतरी चुकलंय असं वाटतं आणि काय ते सापडत नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघून बोलतात, आणि मी बाप आहे, मला नीट दिसत नाही. बनवणारा म्हणतो की शुक्रवारी दुपारपर्यंत रंग सुधारता येईल, एकदा वरचा थर चढला की मग नाही. हा डोळा घेऊन तिला शाळेत जायचं आहे. तू ये आणि काय चुकलंय ते सांग. खरं बोलणारं माणूस इथे दुसरं कोणी नाही. मी तुला माफ केलेलं नाही."

नको करूस. एवढ्यात तर नकोच. माफ केलंस तर मी परत शेफारेन, मला माझी खात्री नाही. पण तू मला बोलावलंस. माझ्या ज्या सवयीने तुझ्या पोरीचा डोळा गेला, तीच घेऊन ये म्हणतोस. असं करायला किती मोठं काळीज लागतं ते मला कळतं, आणि तुझ्याएवढं ते माझ्यात नाही, हेही कळतं.

गुरुवारी निघते, शुक्रवारी सकाळी नऊला पोचेन. स्टेशनवर येऊ नकोस, तिच्याजवळ थांब. बनवणाऱ्याला सांगून ठेव की मला दवाखान्यातल्या ट्यूबलाइटखाली काही बघायचं नाही, तिथे सगळेच रंग खोटे दिसतात. मुंगीला खिडकीपाशी बसवा, ऊन थेट तोंडावर येणार नाही असं. तिला हसवू नका आणि माझ्याकडे बघ असंही म्हणू नका. ती कोणाशी तरी बोलत असताना मला बाजूने बघू दे. रंगाचं म्हणशील तर मला वाटतं बाहुलीची कड फार रेखीव काढली असेल. माणसाच्या डोळ्यात ती किंचित विरघळलेली असते. पण हे मी न बघताच बोलते आहे. बघितल्याशिवाय मी आता काही म्हणणार नाही.

आणि तू माझ्या मागे उभा राहा. मी छान आहे असं म्हणायला लागले तर मला तिथेच थांबव. बनवणारा वाईट मानेल, तुझी बायको रडेल, म्हणून मी तसं म्हणायची शक्यता आहे. हल्ली मला ती खोड लागली आहे.

अजून एक. तिला बघितल्यावर मला रडू येणार, आणि रडताना मला काही दिसत नाही. तेव्हा आल्या आल्या मला दहा मिनिटं दे. मग सांगते काय चुकलंय ते.

ताई